गुरुवारची साखर

म्हसळा
शुक्रवार, दि. २३ जानेवारी २०२६

चि. सुचितास अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची आता सोयच उरली नाही. माझ्या दंडावरचं ते रुपयाएवढं बटण दर पाच मिनिटांनी माझी साखर तुझ्या फोनवर धाडतं, तेव्हा माझी खुशाली माझ्याआधी तुला कळते. तुझ्या आईची मात्र मीच कळवतो. गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. विनेशरावांना नमस्कार सांग. प्राप्ती अजून आजोबांना 'आबोजा' म्हणते का? सुधारू नका तिला, मला तेच आवडतं.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. 'हॅलो'च्या आधी तुझा प्रश्न येतो, "बाबा, आकडा किती?" आकडा समोर दिसत असताना विचारतेस! तीस वर्षं एसटी चालवली, पण डेपोच्या साहेबानेही मला एवढं धारेवर धरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. आणि हे बटण लावणाऱ्या संशोधनवाल्यांना तेच तर बघायचंय, की आकडे घरच्या माणसाला दिसत राहिले तर म्हातारे पेशंट सरळ वागतात का. त्यांच्याकडून पेणची अमिषा म्हणून मुलगी येते. ती म्हणते, रावजीकाका, तुम्ही आमचे आदर्श पेशंट, फक्त गुरुवार सोडून.

तर, गुरुवार.

तू तीनदा विचारलंस की गुरुवारी संध्याकाळी साखर अडीचशेला कशी जाते. मी तीनदा सांगितलं, दिघी स्टँडवरचा गोड चहा. सुची, चहा नव्हता. स्टँडवरही नव्हतो. सांगतो सगळं, पण वळणावळणाने सांगू दे. गाडीची सवय आहे, एकदम ब्रेक मारता येत नाही.

नोव्हेंबरात दिघीच्या शाळेत या लोकांचं शिबिर होतं. खाडीपलीकडचे आगरदांड्याचे पेशंटही फेरीबोटीने आले होते. अमिषाने मला विचारलं, "वडिलांना साखर होती का?" मी म्हटलं, "होती. उजव्या पायाचा अंगठा काढायला लागला."

"डाव्या," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

मान वळवायची गरज नव्हती. मी म्हटलं, "उजव्या."

"डाव्या. पट्टी मी बांधायचो रोज. तू गाडीवर असायचास."

अमिषाने आमचे दोघांचे कागद शेजारी धरले. आडनाव शिगवण, बापाचं नाव एक. "तुम्ही भाऊ आहात?" आम्ही दोघेही एकदमच "व्हय" म्हणालो. सहा वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं. अंगठा डावाच होता, ते मला घरी आल्यावर आठवलं.

हो, गुणाजीच. तुझा काका. आता तू पत्र खाली ठेवशील हे मला माहीत आहे. पाणी पी आणि पुन्हा उचल.

मी काही विसरलेलो नाही. विनेश आपल्या जातीचा नाही म्हणून त्याने तुझ्या लग्नाची पत्रिका परत पाठवली. ज्याने तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याने. तेव्हा भर गावकीत मी बोललो, गुणाजी, आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तू रडलीसुद्धा नाहीस. एवढंच म्हणालीस, "बाबा, त्यांचं नाव आता या घरात नको." आम्ही काढलं नाही.

पण शिबिरात त्याच्याही दंडाला बटण लावलं आणि त्याला आकडा फोनवर बघता येईना. मूलबाळ नाही, रतनकाकूचा फोन फक्त उचलायचा आणि ठेवायचा. अमिषा म्हणाली, कोणी शिकवलं तर बरं होईल. मी म्हटलं, मी जातो. कसा म्हटलं कुणास ठाऊक. गुरुवारी दिघीहून बोटीने आगरदांड्याला त्याच्या घरी जायला लागलो. तुझ्या आईला सांगितलं, दिघीला मासे बघायला जातो. तिसऱ्या गुरुवारी तिने दारातच माझ्या हातात पोह्यांची पिशवी दिली. म्हणाली, "गुरुवारी आपल्या घरात मासे कधीपासून शिजतात? हे रतनला द्या." एवढी अक्कल मला असती तर मी डेपो मॅनेजर झालो असतो.

शब्द मात्र मी पाळला. घरून पाण्याची बाटली न्यायचो. त्याच्या ओटीवर बसायचो, फोन शिकवायचो आणि माझ्या बाटलीतलं माझं पाणी प्यायचो. रतनकाकू बाटलीकडे बघायची आणि आत जायची. असे पाच-सहा गुरुवार झाले.

मग नाताळचा दिवस. बस उशिरा आली, जेवण चुकलं, गोळी मात्र घेतलेली. त्याच्या ओटीवर पोचलो आणि हातपाय कापायला लागले, अंगाला घाम. खिशातला फोन बोंबलायला लागला. साखर अठ्ठावन्न. मी बाटली तोंडाला लावली, पण पाण्यात काय असणार? गुणाजीने माझ्या हातातून फोन घेतला. सहा आठवडे ज्याला आकडा वाचता येत नव्हता त्याने तो एका क्षणात वाचला आणि आत धावला. येताना हातात खांडवी. तांदळाच्या रव्याची, गुळाची, वर ओलं खोबरं, आमची आई करायची तशीच.

मी तोंड मिटून बसलो. शुद्धीत होतो की नाही, देव जाणे, पण हट्ट शुद्धीत होता.

"दादा, आधी खा. मग काय त्या शिव्या दे," तो म्हणाला. आणि लहान पोराला भरवतात तसा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

तेवढ्यात तुझा फोन. "बाबा, अठ्ठावन्न! काय खाल्लंत?" मी म्हटलं, "दिघी स्टँडवर चहा." गुणाजी समोर उभा होता. त्याने ऐकलं.

त्या दिवशी खाणं औषध होतं. त्यानंतरचे चार गुरुवार औषध नव्हतं, ते मीच खाल्लं. मागून खाल्लं. सुची, लाज वाटते लिहायला, पण इतकं गोड मी सहा वर्षांत खाल्लं नव्हतं. आम्ही दोघे साखरेचे पेशंट एका ताटलीत खांडवी खातो आणि रतनकाकू दोघांना शिव्या घालते. परतीच्या बोटीत मी एकटाच हसत असतो. लोक बघतात.

काल त्याने विचारलं, "सुचीला दिसतंय काय आत्ता, तू हितं खातोयस ते?"

"आकडा दिसतो. घर दिसत नाही."

त्याने ताटली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मंग तिला घर सांग, दादा. गावकीत नाक जाईल म्हून भ्यालो मी. गावकी कवाच इसरली. मीच धरून बसलो. पोरीची चूक न्हाय, माझी हाय." आणि डोळे पुसायचे सोडून त्याने चष्मा पुसला.

तर हे घर सांगितलं. तुझ्यासाठी घेतलेली शपथ तुला न विचारता मोडली, याची माफी माग म्हणालीस तर मागतो. खाल्ल्याची मागणार नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीपासून संशोधनाचा दुसरा भाग आहे. त्यात ज्यांचे आकडे अजून घरी कुणाला दिसत नाहीत, त्यांचेही जवळच्या एका माणसाच्या फोनवर जाणार. अमिषाने फॉर्म दिला, गुणाजीने सगळा भरला, फक्त 'जवळची व्यक्ती' ही ओळ कोरी ठेवली. मी तुझा नंबर लिहायला पेन उघडलं तर त्याने हात धरला. "तिला इचारल्याबिगर न्हाय." म्हणून विचारतोय. फॉर्म पुढच्या गुरुवारी द्यायचा आहे.

नाही म्हणायचा तुला पुरता हक्क आहे. रागावणार नाही. तुझं दुखणं तुझं, ते मी त्याच्याबरोबर खांडवीत वाटून घेतलं असं नाही. तू नाही म्हणालीस तरी मी गुरुवारी जाईन, फक्त तुकडा अर्धा करीन.

आणि हो असेल, तर गुरुवारी साडेचारला त्याला फोन कर. नंबर पाठीमागे लिहिलाय. त्या वेळी आम्ही ओटीवर असतो. काय बोलू, कसं बोलू, याचा विचार करू नकोस. हॅलोही म्हणू नकोस. माझ्याशी जे बोलतेस तेवढंच बोल, "काका, आकडा किती?"

त्याला सगळं कळेल.

तुझे बाबा
(आज सकाळी एकशे अठ्ठावीस. खरा आकडा, आणि हे घरही खरं.)