गॅस संपत नसतो, बाबा

बाबा, गाडीच्या एसीतला गॅस संपत नसतो. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी हे मी तुम्हालाच ऐकवणार आहे. कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. तो गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, नळ्यांतून नुसता फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये जाऊन आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. ती गळती शोधायची सोडून तुम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरत राहिलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी पुन्हा आपल्या गॅरेजच्या दारात.

राइस मिलवाल्या शेठची गाडी आठवते? आयटीआयचा फ्रिज-एसीचा कोर्स संपवून मी नुकतीच तुमच्या हाताखाली उभी राहिले होते. शेठ म्हणतात, "रोड पे ठंडा करता है, रेल्वे फाटक पे खड़ी हुई कि गरम हवा." तुम्ही सवयीने गॅसचं सिलिंडर ओढता. मी वाकून पाहते तर पुढची जाळी धानाच्या कोंड्याने पार बुजलेली. गाडी पळते तेव्हा वारा कसाबसा आत शिरतो, उभी राहिली की तेवढाही नाही. मी बोलून गेले, "बाबा, गॅस नका भरू. जाळी धुवा लागते."

"काऊन मधात बोलून राहिली? गिऱ्हाइकासमोर माझी इज्जत काढून राहिली का? घरी जाय!"

गेले नाही. पाण्याचा पाइप घेतला आणि हलक्या धारेने जाळी धुतली. इंजिन चालू, गाडी जागेवर उभी, आणि आत गारेगार. शेठ हसले, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवसापासून पान्यांची पेटी माझ्यासाठी कुलपात. मी चुकले असते तर तुम्ही मला ठेवून घेतलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचा राग तेव्हा आला होता, अजूनही येतो.

मग मी देवरीच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. "बाई एसी सुधारते?" म्हणत लोक आधी बघायला आले, मग गाड्या घेऊन आले. माझ्याकडे आधी जाळी बघायची, मग पंखा, मग बेल्ट, मग सांध्यांना साबणाचं पाणी लावून फेस कुठे येतो ते शोधायचं. अर्धा दिवस जातो. घाई असेल त्याने दुसरीकडे जावं, असं मी तोंडावर सांगते.

तुमच्या शेवटच्या मे महिन्यात तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला भाड्याची गाडी आणली, तिचा एसी गरम हवा फेकत होता. गेज लावलं तर गॅस कमी. गळती सापडेना, आणि तुम्हाला धाप लागलेली. निघालो तेव्हा मागच्या सीटवरून तुम्ही विचारलंत, "गॅस भरला का?"

"नाही. गळती काढली."

"बरं केलं. तुयंच बरोबर होतं," असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. नागपूरपर्यंत गाडी गार राहिली.

बाबा, गळती मला सापडलीच नव्हती. मी गॅसच भरला होता.