पिंपातल्या डिझेलचा भाव

आई, आज सकाळी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि पंपावरची भावाची पाटी बघून माझ्या तोंडून निघालं, "हा पंपावरचा झाला. पिंपातला काय चाललाय?" रिक्षावाला वळून बघतच राहिला. तुला जाऊन वीस वर्षं झाली, पण तुझा संशयी स्वभाव माझ्या जिभेवर बसलाय तो काही उतरत नाही.

बाबा गेल्यावर तू आग्रा रोडला खानावळ काढलीस, ट्रक थांबायचे तिथेच. ड्रायव्हर जेवायला बसला की पहिली भाकरी तू गुमान वाढायचीस. दुसरी हातात धरून उभी राहायचीस. "मालेगावात डिझेल काय भावानं हाय? पंपावरचं नाय, पिंपातलं." उत्तर आल्याशिवाय भाकरी ताटात पडायची नाही. पंपावरचा भाव सरकारी, त्यातून कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही, असं तुझं म्हणणं. वीज गेली की तिकडचे मोठे यंत्रमागवाले जनरेटरवर माग चालवायचे, त्यासाठी डिझेलची पिंपं भरून ठेवायचे. माग जोरात असले की ते डिझेल पंपापेक्षा महाग. माग बंद पडले की तेच पिंप रस्त्यावर स्वस्तात विकायला निघायचं. मग तू मला म्हणायचीस, "कापड उठत नाय तिकडं. आता ट्रक कमी येतील, पीठ बेतानं मळ." आणि मेलं, बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

ऐंशी सालच्या आसपास, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, मालेगावचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचे माग होते. "आमचे माग रात्रंदिवस चालतात," असं मंडळी चहा पिता पिता तीनदा म्हणाली. मुलगा वाईट नव्हता. माझ्यापेक्षा तुझ्या भाकरीकडेच जास्त बघत होता, आणि तेही मला आवडलं होतं. ते गेल्यावर कपबशा विसळत तू म्हणालीस, "लय गोड बोलत्यात. कुठंतरी पाणी मुरतंय." दुसऱ्या दिवसापासून तू एकाही ड्रायव्हरला सोडलं नाहीस. तिघांनी एकच सांगितलं: मालेगावात पिंपातलं डिझेल पंपापेक्षा स्वस्त आहे. झालं! "माग बंद हायेत. पोरीला उपाशी मारायला नाय द्यायची मी." रविवारी मामानं जाऊन नकार कळवायचा, असं ठरलं.

वर्षभरानं तुला कळलं, त्यांचे माग चालू होते, उलट वाढले होते. डिझेल स्वस्त होतं कारण कुणीतरी त्यात निम्मं रॉकेल मिसळून विकत होतं. तू दोन दिवस जेवली नाहीस. "माझ्या संशयानं तुझं वाटोळं केलं गं," म्हणालीस. त्यानंतर माझ्या शिक्षणाला तू कधी नाही म्हटलं नाहीस. बी.ए. झालं, बी.एड. झालं. मामा कुरकुरला की त्याच्यावरच खेकसायचीस. पंचवटीतल्या शाळेत मी लागले तेव्हा पेढे वाटतानाही तू रडलीस, आणि मी तुझी समजूत काढली.

आता खरं लिहिते. मामा नकार कळवायला जायच्या आदल्या दिवशीचा तो शनिवार आहे. तू भाजी आणायला पंचवटीत गेली आहेस. तू ज्यांना भाव विचारलास, त्यांतला धुळ्याचा एक म्हातारा ड्रायव्हर येतो आणि बसायच्या आधीच म्हणतो, "पोरी, आईला सांग, ते डिझेल भेसळीचं हे. माझी गाडी धूर ओकत आली बघ. माग चालू हेत तिथले, मी सोत्ता पाहून आलो." मी काही न विचारता त्याला दुसरी भाकरी वाढते. तिसरीही वाढते. म्हणते, सांगते हं काका.

संध्याकाळी तू विचारलंस, "कुणी आलं व्हतं का?" मी म्हटलं, "कुणी नाही." टोपलीत भाकऱ्या कमी होत्या, ते तू बघितलंस आणि टोपलीवर फडकं टाकून पीठ मळायला बसलीस. मला शिकायचं होतं गं, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. आख्ख्या आग्रा रोडवर तुझा एकाही माणसावर विश्वास नव्हता, तो फक्त माझ्यावर होता. मरेपर्यंत तू माझी माफी मागत राहिलीस आणि मी मोठ्या मनानं तुला माफ करत राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. तू समोर असतीस आणि पुन्हा विचारलं असतंस, तर मी आजही म्हटलं असतं, कुणी आलं नव्हतं.