उंबरा आला, विहीणबाई

सौराहा, चितवन (नेपाळ)
१६ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. अनिता हिस,

शिरूरच्या घरातून नव्हे, परमुलखातून. पण आशीर्वाद नेहमीचेच.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून आधी सांगते की सगळं ठीक आहे. तुझ्या आक्का समोरच्या खाटेवर बसून चहा पीत आहेत. पत्र मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहीत आहे. त्यांचा चष्मा गोरखपूरच्या गाडीत राहिला. "लेकीला खुशाली कळवल्याबिगर मला घास गोड लागायचा न्हाई," असं सकाळपासून चाललं आहे. लिहून झालं की वाचून दाखवायचं ठरलं आहे.

तू गणपतीत माहेरी गेलीस ती दौंडलाच आहेस. तिथल्या शाळेतली नोकरी तुला सोडायची नाही आणि बायकोने शिरूरलाच राहावं हा रविराजचा हट्ट. तुम्हा नवराबायकोच्या भांडणात मी तेव्हा पडले नाही, या पत्रातही पडणार नाही. तू परत यावंस असं मला वाटतं, एवढं एक वाक्य लिहिते आणि पुढे जाते.

आम्ही दोघी विहिणी एकाच सहलीत कशा, हे तुला कोडं पडलं असेल. संक्रांतीला आक्का हळदीकुंकवासाठी शिरूरला आल्या होत्या ते आठव. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही म्हणून स्वतःचा तांब्या भरून आणला होता. त्याच दिवशी आम्ही हौसेने सोपानरावांच्या नेपाळच्या सहलीत नावं दिली, एका खोलीत राहू असंही सांगून ठेवलं. पुढे तुमचं बिनसलं. मला वाटलं, आता विहीणबाई काही येत नाहीत. त्यांना वाटलं, मी येत नाही. नाव कुणीच काढून घेतलं नाही. दौंडच्या फलाटावर तू नव्हतीस, शाळा असेल. आक्का डब्यात चढल्या, माझ्यासमोर बसल्या, आणि मी सोपानरावांशी बोलायला लागल्यावर माझा आवाज ऐकून दचकल्या. तोंडासमोर बसूनही ओळख दाखवली नाही, हा मला त्या वेळी ताठा वाटला.

सोपानरावांचा खाक्या तुला ठाऊक आहे. वर्षभर दुकान आणि हिवाळ्यात एक सहल. शिरूर-दौंडची माणसं, सोबत आचारी, बाजरीचं पीठ आणि बसमध्ये बोलायला माइक. पहिल्याच दिवशी त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "मंडळी, दोन विहिणी एका खोलीत आहेत. कितव्या मुक्कामाला भांडतात, पैज लावा."

आक्का जागेवरूनच म्हणाल्या, "तुमच्या सहलीत भांडायला उसंत कुठं हाय, सोपानराव? डोळा लागतूय तवर उठिवता."

बस हसली. मी हसले नाही, पण बरं वाटलं.

लुंबिनीला अशोकाचा स्तंभ पाहिला. वर्गात इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट समोर उभी होती आणि वाटाड्या काय सांगतो ते मी ऐकलंच नाही, कारण आक्का शेजारच्या तळ्याकडे सरळ चालत निघाल्या होत्या. पुढे पाणी आहे हे जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. मी दंड धरला. म्हणाल्या, ऊन डोळ्यावर आलं.

इथे चितवनच्या जंगलात हत्तीवरून हिंडलो. वाटाड्याने हिंदीत बजावलं की पायी जाताना गेंडा अंगावर आला तर झाडावर चढा, नाहीतर नागमोडी पळा. आक्का म्हणाल्या, "त्यापरीस गेंड्यालाच सांगा, दमानं ये म्हणावं." पुढे माणसाहून उंच गवतातून पिल्लासकट गेंडा खरंच निघाला. सगळे डावीकडे बघत होते आणि आक्का उजवीकडे. "विहीणबाई, कुठल्या अंगाला हाय?" मी सांगितलं. मालगाडीच्या डब्याला ठोकलेल्या पत्र्यासारखी त्याची कातडी आहे, हेही सांगितलं. तेव्हा कुठे म्हणाल्या, "दिसला, दिसला." गेंडा तोपर्यंत गवतात गेला होता.

काठमांडूला चष्म्याचं काही जमतं का पाहते.

रविराजची आई

ता. क. पत्र वाचून दाखवलं. तळ्याचा आणि गेंड्याचा शेवटचा भाग गाळून वाचला.


पोखरा
२१ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. अनिता हिस आशीर्वाद, आणि आक्कांकडून तोंडभर माया. ती कागदावर कशी लिहितात ते मला येत नाही.

चष्मा मिळाला नाही.

काठमांडूची देवळं पाहिली, भक्तपूर पाहिलं. काय लाकूडकाम आहे! एकेका खिडकीपुढे उभं राहून तास घ्यावा. पण इथल्या दारांचे उंबरे उंच आणि चौकटी बुटक्या, त्यामुळे माझं निम्मं लक्ष पायाखाली. प्रत्येक दाराशी मी हळूच म्हणते, "उंबरा आला, विहीणबाई." आता जिभेला वळणच पडलं आहे. हॉटेलच्या जिन्याशी, बसच्या पायरीशी, सगळीकडे उंबराच येतो. सोपानरावांनी विचारलं, "बाई, विहीणबाईंना शाळेत घातलंय का काय?" मी म्हटलं, हो, तुम्हालाही घालीन.

त्यांच्याशी जपून राहावं लागतं. पाय मुरगळलेल्या एका गृहस्थांना त्यांनी दोन दिवस हॉटेलात बसवून ठेवलं. ज्याला जमत नाही त्याने खोलीवर थांबावं, उगाच जोखीम नको, असं त्यांचं म्हणणं. चूक म्हणता येत नाही. आक्का माझ्या कानाशी लागल्या, "मला खोलीवर ठिवू देऊ नका."

भक्तपूरला पाच मजली देऊळ आहे. चढत्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी राखणदार: खाली पहिलवान, त्यांच्यावर हत्ती, वर सिंह. वाटाड्या म्हणाला, प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दसपट ताकदवान. आक्कांनी पहिलवानाला हात लावून पाहिला. "ह्याचा गुडघा झिजलाय. ह्याला बी खोलीवर ठिवा." हसत हसत वर गेलो. उतरताना मी कुणाशी तरी बोलायला वळले आणि तेवढ्यात त्यांची पायरी चुकली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. सोपानराव धावत आले. माझ्या पदरात पाय अडकला असं मी सांगितलं. माझा पदर तर कमरेला खोचलेला होता. त्यांनी ते पाहिलंही, आणि तसेच मागे फिरले.

उद्या पहाटे सारंगकोटच्या टेकडीवरून हिमालय दाखवणार आहेत. आक्का आजपासूनच स्वेटर घालून बसल्या आहेत.

इथपर्यंत वाचून दाखवलं. पुढचं वाचून दाखवणार नाही.

दौंडला आक्का बाजारात पुलावरून जातात की रूळ ओलांडून? तू शाळेत असताना स्टोव्ह कोण पेटवतं? तुझं उत्तर इथे पोचायचं नाही, तुला पत्र मिळायच्या आतच कदाचित आम्ही येऊ, तरी विचारल्यावाचून राहवत नाही.

अंजना


शिरूर
२ डिसेंबर १९९७

चि. अनिता,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी जे लिहायचं आहे ते लिहिते, नाहीतर हात थांबेल.

आक्कांचा चष्मा हरवलेला नाही. त्याचा उपयोग उरला नाही म्हणून त्यांनी तो दौंडला कपाटातच ठेवला आहे. त्यांना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याने दिसत नाही. डाव्याने नळीतून पाहावं तसं मधोमध थोडं दिसतं. बाजूचं नाही, पायाखालचं नाही. उन्हाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली डोळ्यात थेंब घालून सांभाळायची. चितवनला त्यांच्या पिशवीतली बाटली मी पाहिली. सर्दीचं औषध आहे म्हणाल्या. मी बाटलीवरचं वाचलं, आणि मग त्यांना सगळं सांगावंच लागलं.

"दिसतंय तवर एकडाव हिमालय बघायचा व्हता," म्हणाल्या. "मालक रेल्वेत व्हते. पास असून कुठं नेलं न्हाई."

आणि मग म्हणाल्या, "अनिताला ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाई. कळलं तर ती माझ्यापाशीच बसंल, नांदायला जायची न्हाई. माझ्या डोळ्यांपायी लेकीचा संसार मोडायचा न्हाई, विहीणबाई. तुम्हाला रविराजची शपथ हाय."

शपथा मी मानत नाही. पोरींना वर्गात जन्मभर हेच सांगितलं. पण ही शपथ माझ्या सोयीची होती. तुला कळलं तर तू शिरूरला यायची नाहीस, हे मलाही दिसत होतं. म्हणून मी गप्प राहिले आणि नेपाळभर त्यांची वाटाडी झाले. जे त्यांना दिसलं नाही ते मी बोलून दाखवलं. अख्ख्या बसला वाटलं, बाईंना शिकवायची खोड आहे.

सारंगकोटला उजाडता उजाडता माणसं ओरडायला लागली, ते बघा, माशाच्या शेपटीचं शिखर. आक्का नुसत्या आभाळात शोधत होत्या. आणखी वर, आणखी डावीकडे, असं सांगून काही होईना. बाकीचे फोटो काढून चहाकडे वळायला लागले. त्यांना शिखर दिसायच्या आत त्यावरचा रंग उडून जाईल, अशी मला भीती वाटली. शेवटी मी त्यांच्या मागे उभी राहिले, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली आणि फळ्याकडे न बघणाऱ्या पोरीची वळवावी तशी त्यांची मान वळवली. जरा वर. जरा इकडे. एका ठिकाणी त्यांनी स्वतःच मान थांबवली.

"गुलाबी हाय," त्या म्हणाल्या.

रंग मी सांगितला नव्हता. त्यानंतर बराच वेळ मी हात काढले नाहीत. हात काढला आणि शिखर निसटलं तर ते पुन्हा सापडायचं नाही, असं वाटत होतं.

परत आलो तेव्हा तू दौंडच्या स्टेशनवर होतीस. डब्यातून उतरताना मी त्यांच्या कानाशी "उंबरा" म्हणाले, ते तू ऐकलंस. वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या तुझा हात धरून चालायला लागल्या आणि मी न्हावऱ्यावरून येणारी एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना ऊस होता, पण मला वाटभर आक्का ओलांडत असतील ते रूळच दिसत होते. सहलीत थेंब मी घालत होते. घरी तुझ्यापासून लपवून त्या न्हाणीत जाऊन स्वतः घालतात आणि निम्मे गालावर ओघळतात. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

तीन दिवस मी हे पत्र लिहिलं नाही. काल रविराजला कारखान्यातून यायला उशीर झाला तर मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. अजून शपथ मोडली नव्हती, नुसतं मोडायचं मनात होतं. बी.ए. झालेल्या बाईने असं करावं! पण रुळांची भीती त्या भीतीहून मोठी निघाली. म्हणून लिहिलं.

रविराजला आज सकाळीच सांगितलं. "मला आधी कुणी का सांगितलं नाही?" म्हणाला. मी म्हटलं, "गणपतीपासून दौंडला कितीदा गेलास?" तेव्हा म्हणाला, तिला नोकरी सोडायची नसेल तर मीच दौंडला राहतो, रांजणगावच्या कारखान्यात तिथून जाईन. हे त्याच्या तोंडचं आहे, मी त्याला पढवलेलं नाही. तसं ठरलं तर मी इथे एकटी राहू शकते. माझी चिंता करायचं कारण नाही. नाहीतर तुम्ही दोघी इथे या आणि तू एस.टी.ने शाळेला जा; धकाधकीचं आहे, पण सकाळची गाडी वेळेवर असते. यातलं काहीच नको असेल तर तसं स्पष्ट कळव. मी पुन्हा विचारणार नाही. थेंब मात्र आजपासून तू घाल. नेपाळच्या पत्रात विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला हवी आहेत.

लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, असं आक्का म्हणतीलच. त्यांना सांग, हे घर लेकीचं नाही, विहिणीचं आहे, आणि विहिणीच्या हातचं पाणी त्या नेपाळभर प्यायल्या आहेत.

दुपारी भिमाजी सुताराला बोलावून माजघराचा आणि पुढच्या दाराचा उंबरा काढून घेतला. तो करवत हातात घेऊन नुसताच उभा राहिला. "बाई, उंबरा काढत नसत्यात. लक्ष्मी कुठनं वळखंल घर?"

मी म्हटलं, "लक्ष्मीला दिसतं, भिमाजी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काढायचाय."

काढला. तुझ्या लग्नात ज्याच्यावर माप ठेवलं होतं तो हाच. तुला वाईट वाटेल, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेकलेला नाही, परसात भिंतीशी उभा करून ठेवला आहे.

हे पत्र आक्कांना तू वाचून दाखव. काही गाळू नकोस. शपथ मोडली म्हणून त्या मला बोलतील, ते समोर बसून बोलू देत. आशीर्वाद तुला, नमस्कार त्यांना.

पहिल्या दिवसापासून तू मला सगळ्या गावासारखं 'बाई' म्हणत आलीस, म्हणून तेच लिहिते.

उंबरा नसलेल्या दारात उभी,
तुझी बाई