आदिबांटूचे सात स्वर

३ जून, लातूर.
स्वस्ति श्री. ध्वनिशास्त्रधुरंधर, लुप्तभाषोद्धारक, स्वरसंशोधनमार्तंड, उदगीरकुलभूषण, निवृत्त (स्वेच्छेने) अधिव्याख्याता मी मलप्पा असा संकल्प करतो की, सहस्रावधी वर्षांपूर्वी आफ्रिकेत बोलल्या गेलेल्या आदिबांटू भाषेची स्वरव्यवस्था दिवाळीपूर्वी सिद्ध करीन. पद्धत सोपी. आजच्या लेकी-भाषांतले शब्द शेजारी ठेवायचे आणि गेलेल्या आईचा आवाज ताडायचा.

९ जून.
अव्वाला, म्हणजे मातोश्रींना, अर्धांगवायू होऊन महिना झाला. वाचा बंद. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास तिच्याशी तिच्या कानडीत बोला, वाचा परतू शकेल. उद्यापासून. आज स्वाहिली 'तातू' आणि झुलू 'थाथू' (दोन्हींचा अर्थ तीन) यांची सांगड घालणे आहे.

१० जून.
वसतिगृहात वाढल्याने माझी कानडी मोडकी. सदोष उच्चार रुग्णास अपायकारक. आधी अभ्यास, मग उपचार.

२१ जून, नांदेड.
फार्मसी शिकणारी टांझानियाची नेएमा भेटली. तिची सुकुमा भाषा सप्तस्वरी! साठ शब्द रेकॉर्ड केले. तीन तिला येईनात, तेव्हा गावी आजीला फोन लावला आणि तासभर हसत बसली. माझे शब्द तीनच होते. कालापव्यय. मध्येच मोबाईल भरला. जुने घरगुती व्हॉइस मेसेज काढून जागा केली.

२ जुलै, लातूर.
धाकटी बहीण अंबिका अव्वाला औशाला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "अण्णा, तुला लई भाषा येतात म्हणं. अव्वासंग एका बी भाषेत बोलला न्हाईस." विधान शास्त्रदृष्ट्या अपुरे. दारात अव्वाने माझ्याकडे पाहून एक दीर्घ स्वर काढला. नोंदवला नाही. बांटू नव्हता.

१९ ऑगस्ट.
सातही स्वर सिद्ध. उद्या औसा.

२० ऑगस्ट.
तळटीपा राहिल्या. परवा नक्की.

२३ ऑगस्ट, औसा.
सकाळी अव्वाला समाधी दिली. अंबिका सांगते, शेवटच्या आठवड्यात चार शब्द बोलू लागली होती. त्यांत एक माझे नाव.
मग हळूच म्हणाली, "माझा मोबाईल फुटला, अण्णा. अव्वाचा आवाज तुझ्याकडं हाय ना?"
हाय, म्हणालो.

२ सप्टेंबर, लातूर.
नेएमाचे साठही शब्द सुस्थितीत आहेत. मातोश्रींचे अकरा मेसेज २१ जूनला गेले. अंबिकाचे दोन फोन आले. उचलले नाहीत.
एवढे काढूनही मोबाईल 'जागा शिल्लक नाही' असेच म्हणतो. मोबाईलमधले पुसलेले परत काढून देणाऱ्या गंजगोलाईतल्या दुकानी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा कुलूप.