डॅरेलची घरगुती काडतुसं

नॉक्सव्हिल, टेनेसी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, गुडघे कुरकुरतात, तेव्हा सहाच अंगांचा मानून घे.

मी खुशाल आहे. आईचा खोकला कसा आहे? पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

शेजारच्या डॅरेलने नेमबाजीच्या हौसेपायी स्वस्तातलं पिस्तूल घेतलं. "चल प्रोफेसर, खोट काढायला तुझ्यासारखा दुसरा कोण?" म्हणत मला मैदानावर नेलं. घोडा जरा जड, मूठ खरखरीत, पण नेम सरळ. मी नैयायिकाच्या थाटात आणखी दोष शोधत होतो.

तेवढ्यात एक बार फुसका वाजला. पिस्तूल अडकलं असं समजून डॅरेलने शिव्या हासडत हातानेच पुढचं काडतूस आत घेतलं. आधीची गोळी नळीतच अडकली असेल, तर आता पिस्तूल त्याच्या पंजात फुटणार होतं. इथे कुणीही "सीझ फायर" ओरडलं की सगळे शस्त्र खाली ठेवतात. पण चुकलो तर हसं होईल, म्हणून माझी जीभ क्षणभर अडली. मग ओरडलो.

डॅरेल थांबला; तपासलं, तर गोळी खरंच नळीत होती. पिस्तूल निर्दोष. काडतुसं डॅरेल घरीच भरतो, आपण पापड करतो तशी, आणि या एकात दारू घालायचीच राहिली होती.

"मग, पिस्तूल कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"पिस्तूल उत्तम. आचारी बदल."

तो मोठ्याने हसला. परतताना मात्र गाडी मला चालवायला दिली, आणि घर येईपर्यंत उजवी मूठ मिटून उघडून बघत राहिला.

तुझा भिडस्त भाऊ,
श्रीकर