वाघीच्या नावाचा कागद

अमरावती,
मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९३४

मनकर्णाबाई विहीणबाईंस तानुबाईचा रामराम.

आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्याकडे तसं नाही हे मले माहीत आहे, म्हणून खुशाली विचारत नाही. वांगी बरी निघून राहिली. पालकावर मावा पडला. शकुनच्या बाबांचा गुडघा थंडीनं धरतो, बाकी काही नाही.

अक्षर माझंच आहे. दरवेळी मी सांगते अन् शकुनचे बाबा लिहितात. आज त्याइले सांगितलं नाही. तिसरीतून शाळा सुटली, तेव्हा चुका निघतील त्या निघू द्या. हे पत्र टपालात टाकत नाही. आमच्या ओळखीचा चंद्रभान दुपारच्या गाडीनं अकोल्याले येऊन राहिला, त्याच्या हाती देते. तो दारात उभा असतानाच वाचा.

जावईबापूंचं पत्र रविवारी आलं. जमुनाचं पोट फुगलं, पोरगी माती खाते, ओठ पांढरे पडले. तुमी तीनदा दृष्ट काढली. डॉक्टर म्हणतो हिवतापानं पोटातली पानथरी वाढली, म्हणून कोयनेल चालू आहे. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘डॉक्टरांनी घरात कुत्रं आहे काय म्हणून विचारलं. आईनं भुऱ्याच्या मायच्या तपासणीचा कागद दाखवला. डॉक्टर म्हणाले, मग तो प्रश्न मिटला.’

विहीणबाई, तो प्रश्न मिटला नाही. तेच लिहाले बसली.

इथं ढोरांच्या दवाखान्यात ओमप्रकाश डॉक्टर आहेत, जबलपूरकडचे. ज्याच्या मळ्यात कुत्रं-मांजर आहे त्यानं दर तीन महिन्यांनी त्याचा गू पानात बांधून आणायचा, असं त्याइचं सांगणं. ते दुर्बिणीखाली धरून पाहतात, जंताची अंडी दिसतात काय म्हणून. जनावर आजारी नसलं तरी आणायचं. मी म्हटलं, आमची वाघी तर डुकराच्या मागं धावते. तर म्हणे, “जानवर तगडा दिखता है, इसीलिए तो देखना है, बाई.” शेजारची मैनाबाई हसली, “आता कुत्र्याच्या गुवाची कुंडली मांडता काय डॉक्टर?” पण आमी नेत गेलो. फुकटचं होतं, अन् बाजाराच्या वाटेवर होतं.

दसऱ्याच्या आधी शकुन जमुनाले घेऊन माहेरी होती, तेव्हा मी दोन पुड्या घेऊन गेली. एक आमच्या वाघीची, एक मैनाबाईच्या मोत्याची. दोन्ही पळसाच्या पानात, सुतळीनं बांधलेल्या. टोपल्यात मेथीच्या जुड्यांखाली होत्या. वाटेत हलल्या असतील. पुड्या बदलल्या असतील.

वरचं खोडत नाही, पण ते खोटं आहे. तीस वर्षं मी जुड्या बांधून राहिली. डोळे मिटून सांगीन कोणती जुडी कोणत्या वाफ्यातली. पुड्या बदलल्या नाहीत, मी बदलल्या. मोत्याची पुडी वाघीच्या नावानं दिली, अन् वाघीची मोत्याच्या नावानं. त्या सकाळी वाघीच्या गुवात मले शेवयांसारखे पांढरे जंत दिसले होते, वळवळणारे. दुर्बीण लागलीच नाही.

काहून केलं? डॉक्टर म्हणाला होता, मायचे जंत पिल्लात उतरतात. जंत निघाले तर पिल्लू कोणाले देऊ नका, पहिले औषध, मग पुन्हा तपासणी. शकुन चौथ्या दिवशी निघणार होती, अन् जमुना वाघीच्या पिल्लाले, तुमच्याकडच्या या भुऱ्याले, खाली ठेवत नव्हती. पोरीसाठी केलं, असं मी इतके दिवस मनाले सांगत आली.

पोरीसाठी नाही केलं. जमुनाच्या बारशाले ओसरीत चार बायांसमोर तुमी बोलल्या होत्या, “अमरावतीहून आलेलं पारखून घ्यावं लागते बाई, सून असो का साडी.” बाया हसल्या. शकुन तांब्या घेऊन उभी होती, ती खाली पाहत होती. तीन वर्षं झाली. तुमी विसरल्या असाल. मले तुमच्या घरात एकदा तरी पारखलेलं, वर डॉक्टरची सही असलेलं काही पाठवायचं होतं. वाघीचं पोट साफ आहे असा कागद डॉक्टरनं लिहून दिला. तो मीच शकुनच्या पदराले बांधला अन् म्हटलं, “सासूच्या हाती दे, दुसऱ्या कोणाच्या नाही.”

तुमी तो जपून ठेवला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मले वाटलं होतं तुमी नाक मुरडून फेकून द्याल. फेकला असता तर बरं झालं असतं.

मोत्याले औषध पाजलं ते माझ्या पायी. उपाशी ठेवून, वरून एरंडेल. म्हातारं कुत्रं दोन दिवस उठलं नाही. मग उठलं, तर मैनाबाई म्हणे, “तानुबाई, तू पुडी नेली म्हणून माझा मोत्या वाचला.” मी हो म्हटलं.

आज सकाळी वाघीची खरी पुडी घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरले सगळं सांगितलं. त्यानं पाहिलं, मले पाहाले लावलं. गोल गोल, काळसर अंडी, दाण्यासारखी, इतकी की मोजता येईनात. मले वाटलं ओरडंल, तर तो हळूच बोलला, “दुर्बीन ने झूठ नहीं कहा था, बाई.” मग म्हणे, आजच्या आज अकोल्याले कळवा, पोरीचा इलाज चुकीच्या वाटेनं चालला असंल.

तेव्हा तो कागद फाडा. तुमच्या डॉक्टरकडे आजच जा अन् सांगा, कागद दुसऱ्या कुत्र्याचा आहे. जमुनाची शी तपासाले द्या, भुऱ्याचीही द्या. भुऱ्याले तोवर बांधून ठेवा, पोरीले त्याच्याजवळ जाऊ देऊ नका, तो निजतो तिथली माती खरवडून जाळा. त्याले मारू नका, हाकलूही नका. त्यानं काही केलं नाही.

शकुनले यातलं काही माहीत नाही. तिच्या नावानं पत्र धाडलं असतं तर मायची अब्रू झाकाले तिनं ते चुलीत घातलं असतं, म्हणून तुमच्या नावानं लिहिलं. समोर येऊन सांगणार होती, पण मले माझं तोंड माहीत आहे. तुमी एक शब्द बोलल्या असत्या तर मी दोन बोलली असती, अन् पुड्या वाटेत हलल्या हेच पुन्हा सांगून बसली असती.

उद्या वाघीले औषध आहे, ती दुसऱ्या कोणाले तोंडाले हात लावू देत नाही. हे पत्र चंद्रभानले दिलं की मैनाबाईच्या घरी जाते, तिलेही खरं सांगाले. गुरुवारी बडनेऱ्याहून गाडी धरीन. घरात घेतलं तर येईन, नाही तर ओसरीत बसीन, त्याच जागी. चार बाया बोलवा, चाळीस बोलवा, जे बोलायचं ते मले बोला. शकुनले बोलू नका. मी वर मान करणार नाही.

पण हे सगळं गुरुवारी. आता पत्र खाली ठेवा अन् पोरीले उचला.

जिनं खोटं धाडलं ती,
जमुनाची आजी
तानुबाई