अल्बर्तिना मावशीची सही

लिस्बन, शनिवार

प्रिय आई,

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे?

वणव्यात शेजारच्या अल्बर्तिना मावशीचं ऑलिव्ह तेलाचं कोठार जळालं, त्याची भरपाई आमची कंपनी देणार नाही. विमा फक्त घराचा होता. नव्या नियमाप्रमाणे हे मी तिचा विमा उतरवताना, सहीच्या आधी तिला वाचून दाखवायला हवं होतं. मी वाचायला लागलो, तर ती म्हणाली, "अरे तेल्मो, अंगाखांद्यावर खेळवलंय तुला. तू काय मला फसवणारेस? कॉफी निवतेय, पी मुकाट्यानं." आणि 'वाचलं, समजलं' याखाली तिनं सही केली. मी कॉफी प्यायलो.

ती सही तिच्या रक्षणासाठी होती म्हणे. कंपनीनं आता तीच पुढे केली आहे.

नकाराचं पत्र मलाच लिहायला लावलं. तेही नियमाप्रमाणे सोप्या भाषेत. साहेब म्हणाले, "छान, कोणालाही समजेल."

मंगळवारी ते पोचेल. डोळे अधू म्हणून मावशी ते तुझ्याकडेच आणेल. सगळं वाचून दाखव, शेवटचं माझं नावसुद्धा. ती काय म्हणाली ते कळव. तुझा आशीर्वाद मी त्यानंतर मागेन.

तुझा,
तेल्मो